त्यानं ताट उचललं तवा

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाई. घरवालीलेही नाई — अन् ती तर त्या संध्याकाळी घरातच होती. तुमाले सांगून राह्यलो, कारण तुमी त्याले ओळखत नाई. भेकड माणूस असाच जागा पाहून बोलते, नाई का?

मी आदिलाबादले एका बियाण्याच्या कंपनीत मॅनेजर आहो. आमचे मोठे साहेब हैदराबादचे. नवा माणूस घ्याचा असला की ते त्याले ऑफिसात नाई, जेवणावर पाहत. "दफ्तर में तो सब रटा हुआ बोलते हैं," म्हणत. मंग बेत माह्या घरी. गावरान कोंबडी, ज्वारीच्या भाकरी, दोन-चार डीलर, हसणं-खिदळणं — अन् ज्याले पाहाचं त्याले पत्ताच नाई, की आपली परीक्षा चालू आहे. त्याले सांगाचं नाई, हा साहेबाचा हुकूम. मले त्यात मोठी अक्कल वाटे.

मंग प्रल्हादची पाळी आली.

प्रल्हाद माह्याच गावचा, भीमपूरकडला. गावात घर शेजारी, होस्टेलात खाट शेजारी. आमच्याच कंपनीत, पण पार बेज्जूरच्या गोदामावर कारकून. बायको-पोरगी इथं आदिलाबादले. पंधरा दिवसातून एकदा घर दिसे. इथल्या डेपोत इन्चार्जची जागा निघाली, त्यानं अर्ज केला. मले म्हणे, "पोरगी मले पाहुणा समजून राह्यली रे." मी म्हटलं, रविवारी जेवाले ये. बस — एवढंच म्हटलं.

आला. बोंडअळीवर असा बोलला, की डीलर घास हातात धरून ऐकत बसले. साहेब खुश. मले वाटलं, झालं याचं काम. अन् जेवण आटोपलं तसा तो उठला, आपलं ताट उचललं, अन् मोरीत जाऊन घासाले बसला. "भाऊजी, राहू द्या की!" म्हणत घरवाली मागं धावली. तो हसला. "सवय आहे, वहिनी."

साहेबानं माह्याकडं पाह्यलं. "आदमी अच्छा है. लेकिन मैनेजर नहीं लगता. हुकूम कैसे चलाएगा?"

त्या बैठकीत ते ताट काऊन धुतलं गेलं, हे मलेच ठाऊक होतं. त्याचा बाप अन् माहा बाप एकाच पाटलाच्या वावरात राबले. अंगणात जेवत, अन् आपलं ताट आपणच घासून गोठ्याच्या भिंतीवर पालथं ठेवत — घरातल्या भांड्यायले लागाले नको म्हणून. ते आमच्या दोघायच्या हातात उतरलं. मीही धूत होतो ना! साहेबाच्या घरी पयल्यांदा जेवलो, तवा हात मांडीखाली दाबून बसलो. प्रल्हादनं दाबला नाई, एवढंच.

काय लागत होतं सांगाले? दोन वाक्यं. पण सांगितलं असतं तर साहेबाले माहाही बाप दिसला असता. मी म्हटलं, "हाँ सर, थोड़ा सीधा है." अन् हसलो. लाज वाटते सांगताना — खरंच हसलो.

जागा दुसऱ्याले गेली. प्रल्हादले म्हटलं, वरूनच माणूस आला, माह्या हातात काही नव्हतं. तर तोच मले समजावते, "जाऊ दे ना, तू काऊन जीवाले लावून घेतं?" पोरगी तवा तिसरीत होती. यंदा दहावीले आहे. तो अजून बेज्जूरलेच.

मागच्या रविवारी जेवाले आला होता. घरवाली माहेरी गेलती, आमी दोघंच. वरण-भाकर खाल्ली. त्यानं आपलं ताट उचललं. मंग वाकून माह्यंही उचललं. "बस रे तू," म्हणे, "मॅनेजर माणूस."

अन् मी बसून राह्यलो.