योग्य मार्गाने विलायतेला

विषय : परदेशातील उन्हाळी शिबिरात लहान मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी माझी निवड होणेबाबत.
संदर्भ : माझा अर्ज, व त्याचं जे झालं ते.

उपरोक्त विषयी निवेदन करतो, पण आधी तो कप खाली ठेवा. उगाच सदऱ्यावर सांडेल आणि दोष माझ्यावर येईल.

साठ साल उलटून गेलं होतं. मी वडगावच्या एका कचेरीत कारकून. आपल्याकडची काही कुटुंबं तेव्हा इंग्लंडात जाऊन राहिली होती. त्यांच्या चिमुरड्यांना सुट्टीत इंग्रजी शिकवायला तिथल्या एका संस्थेला मराठी जाणणारा मास्तर हवा होता. म्हणजे इंग्लंडात इंग्रजी शिकवायला मावळातून माणूस जाणार! हसू नका. मला त्यात तेव्हा काहीही विनोदी वाटलं नव्हतं. मी तर पुण्याहून लोकरीचा कोट शिवून आणला. मे महिन्यात.

"विलायतेला निघाले म्हणे!" बायको म्हणाली. "आळंदीला न्या म्हटलं, तर रजा मिळत नाही."

निवडीची रीत अशी. लोणावळ्याच्या एका बंगल्यात आंदर मावळातल्या सात-आठ वर्षांच्या वीस मुलांचं शिबिर भरवलं होतं. तिथं मी आठ दिवस शिकवायचं. नवव्या दिवशी संस्थेची मडम येऊन पाहणार, आणि पसंत पडलं तर माझ्या अर्जावर सही करणार.

दुसरा कुणी असता तर त्यानं गाणी शिकवली असती. मी पंधरा वर्षं सरकारी पत्रांचे मसुदे लिहीत होतो. मला इंग्रजी येत होतं ते तेवढंच. पहिल्याच दिवशी शिस्त लावली. वर्गात मराठी बंद. काही सांगायचं तर उभं राहून 'रिस्पेक्टेड सर, आय बेग टु स्टेट' इथून सुरुवात, आणि 'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' इथं शेवट. मध्ये भरायला पाच-पन्नास शब्द दिले. शिवाय कुणी थेट माझ्याकडे यायचं नाही. आधी मॉनिटरला सांगायचं. त्याला योग्य वाटलं तर तो मला सांगेल. कचेरी अशीच चालते. आणि कचेरी चालते, असा माझा तेव्हा समज होता.

पोरं हुशार निघाली! मॉनिटर रशीद, टाकव्याच्या दुकानदाराचा मुलगा, असं रीतसर पाणी मागायचा की तांब्यावर जावक क्रमांक टाकावासा वाटे.

नववा दिवस उजाडला. जांभळीखाली वर्ग भरला. मडमबाईंनी आपली गवताची टोपी मागच्या वेताच्या खुर्चीवर ठेवली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून माझा अर्ज टोपीखाली सरकवला. त्या आणि मी मुलांकडे तोंड करून. खुर्ची आमच्या पाठीशी.

इतक्यात शेवटच्या रांगेतली सोनी रशीदच्या कानाला लागली. काय बोलणं झालं ते मला मागाहून कळलं.

"रशीद, माळीबाबाची शेळी बघ!"

"विंग्रजीत बोल."

"आरं, टोपी खातीया!"

"आदी रिस्पेक्टेड म्हन."

बिचारीनं सगळं म्हटलं. रशीदनं विचार केला. मग उठला. मी मडमबाईंना खूण केली, आता बघा!

"रिस्पेक्टेड सर, आय बेग टु स्टेट दॅट सोनी बेग्ज टु स्टेट..."

"सावकाश," मी म्हणालो. "ताठ उभा राहा. पहिल्यापासून."

त्यानं पहिल्यापासून सुरू केलं. "...विथ रेफरन्स टु मॅडम्स हॅट, वन गोट..."

'विथ रेफरन्स टु'! माझा ऊर भरून आला. खोटं कशाला बोलू? मडमबाईंना आमच्या उच्चारांतून काही उमगलं नसावं; मला मात्र हॅट ऐकू आलं, गोटही ऐकू आलं. पण मी वाक्याची बैठक तपासत होतो. मजकुराकडे लक्ष द्यायची सवय पंधरा वर्षांत मला कुणी लावलीच नव्हती.

'सर्व्हंट'पर्यंत येऊन रशीद खाली बसला. मी टाळ्या वाजवल्या. मग मागं वळलो.

टोपीची कड संपली होती. अर्ज टोपीच्या आधीच संपला असावा; शेळीच्या तोंडातून फक्त कागद बांधायच्या टॅगची दोरी लोंबत होती.

"अगं सोने, ओरडायचं नाही का!"

सोनी रडकुंडीला आली. "आमी वरडनारच व्हतो, मास्तर. पन थेट बोलायचं न्हाई, आसं तुमीच म्हनला व्हता!"

मडमबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बाई मोठ्या मनाच्या. म्हणाल्या, मुलं तुमचं ऐकतात, हे मी पाहिलं. नवा अर्ज करा, तुमच्या कचेरीमार्फत पाठवा, मी सही करीन.

दुसऱ्याच दिवशी अर्ज केला. आवक टपाल माझ्याच टेबलावर यायचं, त्यामुळे तो संध्याकाळी माझ्याकडे आला. तपासला. मूळ अर्जाची प्रत जोडलेली नव्हती.

"अहो, स्वतःचाच अर्ज आहे, सोडा की!" शेजारचा कारकून म्हणाला.

"आज स्वतःचा सोडला, तर उद्या तुमचाही सोडावा लागेल," मी म्हणालो, आणि शेरा मारला : 'मूळ प्रत नाही. अर्जदाराने पूर्तता करावी.' साहेबांनी त्याखाली 'सहमत' लिहून सही केली.

अर्जदाराकडून पूर्तता झाली नाही. त्याला दोन स्मरणपत्रं मीच पाठवली. निवृत्त होताना फाइल माझ्या जागी आलेल्या कारकुनाच्या रीतसर ताब्यात दिली.

अर्ज प्रलंबित आहे.