एक्सलचा फाटका बूट

चाळिशी उलटली तरी घरात तिला धाकटीच म्हणत. थोरली लग्न करून लांब गेली, आई वारली, आणि अर्धांगवायूने खाटेला खिळलेले बाबा धाकटीच्या वाट्याला आले. बाबा जन्मभर मेकॅनिक. अंगाची डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत.

एके दिवशी मैत्रिणीचा फोन आला. दुसऱ्या शहरात वसतिगृह सांभाळायचं काम होतं, राहायला दोन खोल्या. "बाबांनाही घेऊन ये," मैत्रीण म्हणाली.

बाबांनी ऐकून घेतलं. "त्या खटाऱ्यातून नेणार मला? वळताना कटकट वाजते, ऐकू येत नाही? एक्सलचा बूट फाटलाय. आधी तो बदल, मग बोलू."

एक्सल म्हणजे चाक फिरवणारा दांडा, आणि बूट म्हणजे त्याच्या चाकाजवळच्या सांध्यावरचं रबरी आवरण. ते फाटलं की ग्रीस उडून जातं आणि आत माती शिरते. धाकटीने नवा बूट आणला, गाडी जॅकवर चढवून खाली आधाराची लोखंडी घोडी लावली आणि चाक काढलं. बाबांची खाट खिडकीशी होती. तिथून हुकूम सुटत होते.

"हातोडा जपून! सांधा आहे तो, नारळ नाही."

एक्सल निघाला. जुना बूट तिने कापून टाकला, सांधा काढून धुतला, नवा बूट एक्सलवर चढवला, नवं ग्रीस भरलं. सांधा ठोकून बसवला, तोच खिडकीतून आवाज आला, "छोटा पट्टा आधी ओवलास का?"

नव्हता ओवला. बूट आवळणारा तो पट्टा सांधा बसल्यावर आत जात नाही. पुन्हा सगळं सोडवलं. गाडीखाली पाठ रेटून झोपताना तिला वाटलं, छातीवर हे पत्र्याचं छप्पर आपण किती वर्षं झेलतोय! पण हात थांबले नाहीत.

संध्याकाळी तिने गाडी गल्लीत फिरवली. स्टिअरिंग पार टोकापर्यंत वळवलं. चिडीचूप. धावतच ती घरात आली.

"बाबा, वाजत नाही!"

बाबा भिंतीकडे बघत होते. "पलीकडचा बूटही गेलाय."

ग्रीसने बरबटलेल्या हातांनीच तिने टॉर्च उचलला आणि पलीकडच्या चाकामागे डोकं घातलं. रबर धडधाकट होतं, कुठे साधी चीरही नाही.

"बाबा, तो चांगला आहे," ती खिडकीशी येऊन म्हणाली.

बाबांनी उजव्या हाताने चादर छातीपर्यंत ओढली. मग म्हणाले, "मी या खोलीतून बाहेर पडणार नाही, धाकटे. तुला जायचं तर जा."

"आणि तुम्हाला कूस कोण बदलून देणार?"

तिने टॉर्च विझवला.

ती गाडीत जाऊन बसली, काचा वर केल्या आणि मैत्रिणीला फोन लावला. "नाही गं जमणार." मैत्रीण का म्हणून विचारत राहिली. धाकटीने "गाडीच जुनी आहे" एवढंच सांगून फोन ठेवला.

किल्ली लावलेलीच होती. समोर गल्ली मोकळी होती. ती तशीच बसून राहिली. मग बंद काचांतूनही खिडकीतली हाक ऐकू आली, "धाकटे, जॅक बाहेरच राहिलाय. गंजेल."

ती उतरली आणि जॅक उचलून आत घेऊन गेली.