भिंतीपलीकडचे अनारसे

विमल गेल्याचं कळलं तेव्हा मी खापरखेड्याला मुलीच्या क्वार्टरमध्ये नातवाला वरणभात भरवत होते. आमचे हे दुपारच्या यष्टीनं अचानक आले, चपलासुद्धा न काढता दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "विमलवहिनी गेल्या... सकाळी. देवाची फुलं काढता काढता पायरीवर बसल्या, त्या उठल्याच नाहीत." माझ्या हातातला घास तसाच राहिला. अशा वेळी माणसाच्या मनात पहिल्यांदा काय यावं यावर कुणाचा इलाज चालत नाही. मला रडू नंतर आलं, आधी आला राग. मागच्या दिवाळीचे तिचे अनारसे माझ्या अनारशांपेक्षा चांगले झाले होते, आणि आता त्याची बरोबरी करायला जागाच उरली नव्हती. जिंकून निघून गेली बाई! आता मी कुणाशी भांडू?

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं अशी रीत आहे. मीही चांगलंच लिहिणार आहे, कारण विमलमध्ये वाईट म्हणण्यासारखं काही असतं तर इतक्या वर्षांत मी ते शोधून काढलंच असतं. शोधण्यात मी काही कमी केलं नाही. पण तिच्या आठवणी सांगायच्या आणि त्यातून माझा हेवा वगळायचा, हे काही जमणार नाही. तो वगळला तर आमच्या दोघींच्या शेजारात उरतंच काय?

आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन नागपुरात आलो. मी उमरेडची, ती रामटेकजवळच्या एका खेड्यातली, धानाच्या शेतीवाल्यांच्या घरातली. महालातल्या एका गल्लीत आमची बिऱ्हाडं लागून होती आणि मागच्या अंगणांच्या मधे छातीएवढ्या उंचीची एकच भिंत होती. तिच्या स्वयंपाकघरात फोडणी पडली की ठसका मला लागायचा. एकोणीसशे साठच्या दशकाची सुरुवात होती ती. आमचे हे आणि तिचे वसंतराव, दोघेही कारकून; दोन्ही घरांत सारखाच पगार आणि सारखीच ओढाताण. तेव्हा कुणी कुणाचा हेवा करावा असं काही नव्हतं. मग दिवाळी आली आणि भिंतीवरून तिचं फराळाचं ताट आलं. वर क्रोशाचा रुमाल, आणि रुमालाखाली चिवड्याच्या बाजूला ओळीनं लावलेले अनारसे. तांबूस, खसखशीनं भरलेले, आणि जाळी अशी की ह्यांनी एक अनारसा खिडकीच्या उजेडात धरला तर पलीकडचं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना हे मला म्हणाले, "विमलवहिनींले विचार ना, कसे करतात ते." बस्स. एवढंच बोलले. पण नव्या नवरीला ते वाक्य जेवढं झोंबायला हवं तेवढं झोंबलं. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती, आणि ती साडी नव्हती की दागिना नव्हता. ह्यांनी एकदा माझा अनारसा खावा आणि म्हणावं, विमलवहिनींपेक्षा चांगला झाला. एकदाच.

चार-पाच दिवाळ्या माझी माझीच खटपट केली, आणि मग मी विचारायला गेले. वाटलं होतं, काही तरी लपवेल. आपल्याकडच्या बायका पाककृती सांगताना एखादी वस्तू हमखास विसरतात, तशी विसरेल. पण ही कसली! "तीन दिवस तांदूळ भिजवते, रोज पाणी बदलवते, सावलीत वाळवून कांडते, साखर घालून पिठी मुरू देते. आणखी काय राहते त्यात? थांब, मीच येते तुझ्याकडे." आणि खरंच आली. आपलं तळण टाकून माझ्या शेगडीपाशी उभी राहिली. ती उभी होती तोवर माझे अनारसे गुणानं तळले गेले. पोरगं रडलं म्हणून ती भिंतीपलीकडे गेली, आणि पुढचाच अनारसा हसला. तुपात पडून विरघळला, पसरला की आमच्याकडे अनारसा हसला म्हणतात. त्याच्या पाठोपाठ दुसरा हसला, तिसरा हसला. कढईभर चुरा झाला. मी तो गाळून काढला, साखर घालून मुलांना लाडू म्हणून दिला आणि ह्यांना सांगितलं की यंदा अनारशाला मुहूर्त नव्हता. विमलनं काही लपवलं असतं तर किती बरं झालं असतं! निदान तिच्या नावानं बोटं मोडायला तरी कारण मिळालं असतं.

माझ्या सासूबाई मात्र हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. अनारशाला नजर लागते, म्हणून तो दार लोटून तळायचा, तळताना कुणी डोकावून कौतुक केलं तर घाणा बिघडतो, अशी आमच्याकडची समजूत. एका दिवाळीला भिंतीपलीकडून तुपाचा वास यायला लागला तशी सासूबाईंनी मला हाक मारली.

"जा वं, भिंतीवरून डोकावून ये. अन् चांगलं तोंडभर कौतुक कर तिचं."

"काहून?" मी म्हटलं, जसं काही मला कळलंच नव्हतं.

"जा म्हटलं ना!"

मी पाटावर उभी राहून भिंतीवरून मान काढली. उन्हाळ्यात घेतलेला नवा स्टोव्ह तिनं मागच्या ओट्यावरच मांडला होता आणि दारबीर काही लोटलेलं नव्हतं. मी डोळे भरून कढईकडे पाहिलं आणि म्हटलं, "अगं बाई विमल, किती सुंदर फुलले वं! असे तर मी कुठंच पाहिले नाही!" विमलनं झारा बाजूला ठेवला. तिचा चेहरा जो उजळला... "बरं झालं आलीस! सकाळपासून दोन हसले माझे. आता तू पाहून राहिली तर बघ कसा फुलला हा. जाऊ नको, तिथंच उभी राहा." आणि तो घाणा संपेपर्यंत मला तिनं पाटावर उभं ठेवलं. एकही अनारसा बिघडला नाही. शेवटी कढईतून काढलेला एक तिनं भिंतीवरून माझ्या हातावर ठेवला. बोटं पोळली, तरी मी तो तिथंच उभ्यानं खाल्ला. जळो ती जीभ, तिला सगळं कळत होतं. सासूबाई आत वाटच पाहत होत्या. "काय झालं?" मी म्हटलं, "आणखी चांगले झाले." त्यावर त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "तुझी नजरच चांगली आहे, त्याले मी काय करू?"

अनारशाचा नाद मी काही वर्षं सोडून दिला. विमलला येत नाही असं काही तरी करावं म्हणून मी संत्र्याच्या बर्फीच्या मागे लागले. हिवाळ्यात बाजारात संत्री स्वस्त होतात, तेव्हा टोपलीभर आणायची, फोडी सोलून पांढरा धागासुद्धा राहू द्यायचा नाही, नाही तर कडू होते. आणि खवा कोरडा परतून मग त्यात तो गर आटवायचा. दोन हिवाळे हात भाजून घेतले तेव्हा कुठे बर्फी वडी पडण्याजोगी व्हायला लागली. झाली मात्र खरी! ह्यांनी डबा ऑफिसात नेला तो रिकामा परत आणला. गल्लीतल्या बायका विचारायला यायला लागल्या. विमलनं एक वडी खाल्ली आणि म्हणाली, "हे मले या जन्मी नाही जमणार वं." मला वाटलं, आता तरी हिच्या चेहऱ्यावर जरासं काही उमटेल. नाकाचा शेंडा तरी लाल होईल! पण ती माझी बर्फी चार घरी स्वतः घेऊन फिरली. आपल्या भावजयीला रामटेकहून मुद्दाम बोलावून चाखवली. "आमच्या शेजारणीची," असं सांगताना तिला जो अभिमान वाटायचा तो पाहून माझी सगळी बर्फी मला कडू लागायची. तिला माझा हेवा वाटत नाही, हे मला सगळ्यात जास्त खुपायचं. एवढ्या वर्षांत एकदा तरी वाटावा की नाही? मी काय इतकी टाकाऊ होते? आणि एवढं सगळं करून हे म्हणाले काय, तर "बर्फी मस्तच झाली, पण दिवाळी काही अनारशाशिवाय होत नाही." मी पुन्हा तांदूळ भिजवायला लागले.

मुलं मोठी झाली, लेकी सासरी गेल्या. गल्लीत काहींनी गॅस घेतला, काहींनी फराळ सरळ दुकानातून आणायला सुरुवात केली. विमलचे गुडघे धरले तरी ती पाटावर एक पाय पसरून तळत राहिली, आणि मीही राहिले. माझे अनारसे आता सगळेच हसत नसत, थोडे हसत. बऱ्यापैकी व्हायचे. पण बऱ्यापैकीवर कोण समाधान मानतं! खापरखेड्याला निघाले त्या दिवशी मी बॅग घेऊन दाराला कडी घालत होते तर तिनं मागून आवाज दिला.

"तांदूळ कधी घालून राहिली यंदा?"

"तुझ्या आधी," मी म्हटलं.

ती हसली. आमचं शेवटचं बोलणं तेच.

तेराव्याला तिच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. रामटेककडून माणसं आली, वसंतरावांच्या ऑफिसातली आली, आणि गल्ली सोडून कधीच दूर राहायला गेलेली बिऱ्हाडंसुद्धा आली. ज्याच्या त्याच्या तोंडी अनारसे होते. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात आलं, माझ्या तेराव्याला इतकी येतील का? तेवढ्यात तिची भावजय सगळ्यांना सांगायला लागली की वन्स नेहमी शेजारच्या बर्फीचं फार कौतुक करायच्या... आणि मला तिथं बसवेना. मी आमच्या मागच्या अंगणात येऊन उभी राहिले.

मग दिवाळी आली. तिच्याकडे वर्षभर तळण नाही, तेव्हा फराळ शेजारून जायला हवा, म्हणजे माझ्याकडूनच. मी तांदूळ भिजवले, पाणी बदललं, पिठी मुरवली. पण तळायच्या दिवशी कढई चढवली आणि माझ्या लक्षात आलं की मी थांबले आहे. पलीकडे कढई चढल्याचा आवाज आला, तुपाचा वास आला की मग आपण सुरुवात करायची, ही माझी सवय कधी लागली ते मला ठाऊकच नव्हतं. तिनं काय काढलंय ते कळल्याशिवाय मी कधी घाणा टाकलाच नव्हता. बराच वेळ तूप नुसतंच तापत राहिलं. भिंतीपलीकडे वसंतराव पेपरची पानं उलटत होते, तेवढंच ऐकू येत होतं. शेवटी मी पहिला अनारसा सोडला, आणि तो फुलला. दुसराही. एकसुद्धा हसला नाही. चाळणीत निथळायला उभे लावले तर प्रत्येकाला जाळी होती. एवढ्या वर्षांत असे अनारसे माझ्या हातून झाले नव्हते.

वसंतरावांचं ताट बाजूला काढून ठेवलं आणि एक अनारसा ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी अर्धा खाल्ला, माझ्याकडे पाहिलं, आणि मला बरं वाटावं म्हणूनच असेल, पण अगदी मनापासून म्हणाले, "वा! हे तर विमलवहिनींपेक्षाही चांगले झाले."

ज्या वाक्यासाठी मी जन्मभर तांदूळ कांडले ते हेच. मी ते ऐकलं, आणि ह्यांच्या हातातला उरलेला अर्धा अनारसा काढून घेतला.

"खोटं बोलून राहिले तुम्ही," मी म्हटलं. "तिचा अनारसा तोंडात असला की तुम्हाले बोलता तरी येत होतं काय?"