आधी कोपरा पाहा

कीबोर्ड उलटा करून हातावर ठोकला की काय काय पडतं, पाहिलं का कधी? मुरमुरे, केस, टाचणी, अन् आमच्या भंडारा जिल्ह्यात हमखास तंबाखूच्या खर्ऱ्यातल्या सुपारीचे तुकडे. आमच्या जपानीच्या क्लासातले किस्से असेच साचले. मुद्दाम कोणी साठवले नाहीत. एखाद्या दिवशी ठोकलं की पडतात, अन् अलीकडे जरा जास्तच पडून राहिले.

क्लास मोहाडीला, विहाराच्या मागच्या हॉलमध्ये. चालवायचे रामटेके सर. जवाहरनगरच्या फॅक्टरीत जन्मभर नोकरी केली, अन् विहारात आलेल्या एका जपानी भंतेजींच्या मागे लागून भाषा शिकले. रिटायर झाल्यावर म्हणाले, "आपली पोरं तिकडं कामाले जाऊन राहिली. निदान बोलता तरी आलं पाहिजे." एका कॉलेजनं टाकून दिलेले कॉम्प्युटर आणले. ते जिवंत करायला मला बोलावलं. मी बंडू, बसस्टँडजवळ माझं रिपेअरिंगचं दुकान. त्या जुन्या डब्यांवर दुसरं काही चालेना, म्हणून मी लिनक्स टाकलं. फुकट मिळतं अन् म्हाताऱ्या मशीनवरही पळतं. सर म्हणाले, त्याच्यावर इंग्रजी, मराठी, जपानी तिन्ही लिहिता आलं पाहिजे. मी म्हटलं, त्यात काय मोठं!

*

मोठंच होतं बापा.

जपानी टाइप करायचं तर मध्ये एक मध्यस्थ प्रोग्राम लागतो. आपण उच्चाराप्रमाणे इंग्रजी बटणं दाबायची, तो त्याचं जपानी करून देतो. मराठीही आमच्याकडे तशीच, इंग्रजी बटणांनी. मी एक टाकला. तो काही नीट चालेना. इंटरनेटवर कोणी लिहिलं होतं, दुसरा टाका. मी दुसराही टाकला, पहिला न काढता! मग काय, दोघं एकाच वेळी चालू. कधी अक्षर दोनदा उमटे, कधी उमटतच नसे, अन् स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन-दोन चिन्हं एकमेकांकडे पाहत बसलेली.

सर मागून म्हणाले, "बंडू, दोन जावा एका चुलीपुढं बसवल्या तू. एकीले माहेरी पाठव!"

पाठवली. तरी काही होईना. दुपारभर मी सेटिंग खालीवर केली. शेवटी कळलं की एकदा लॉगआऊट करून परत आत आल्याशिवाय काहीच लागू होत नाही. सर म्हणाले, "आपल्यासारखंच हाये मग. घराबाहेर काढल्याशिवाय अक्कल नाही येत!" अन् असे हसले की हॉलचे पत्रे वाजले. फॅक्टरीतल्या मशीनच्या वरून बोलायची सवय, त्यामुळे सरांचा आवाज रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू यायचा. पुढचं कळायला तो आवाज लक्षात ठेवा.

*

जपानच्या कीबोर्डवर भाषा बदलायचं खास बटण असतं. आपल्या कीबोर्डवर ते नाही. मी कॅप्सलॉकला ते काम लावलं. एकदा दाबलं की मराठी, परत दाबलं की जपानी, परत दाबलं की इंग्रजी. पोरांना ते बटण सापडेना, तर सरांनी घरून काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, टिकल्यांचं पाकीट आणलं अन् प्रत्येक कॅप्सलॉकवर एक निळी टिकली चिकटवली.

काकू डबा घेऊन आल्या, पाहिलं, म्हणाल्या, "माह्या कपाळाले नाही आणल्या इतक्या वर्षांत, अन् या डब्यायले सजवून राहिले!"

आता कोणती भाषा चालू आहे ते वरच्या कोपऱ्यात एका अक्षरात दिसतं. सरांचा पहिला नियम तोच, "आधी कोपरा पाहा, मग बोट हलवा." दुसरा नियम रेघेचा. जपानी टाइप केलं की अक्षरांखाली रेघ येते. एंटर दाबला की रेघ जाते. सर म्हणायचे, "रेघ हाये तोवर तो शब्द हवेत. एंटर दाबला की तुमचा."

*

तुमसरचा गोलू टेंभरे. मामाच्या राइस मिलमध्ये कामाला, क्लासात यायचा तो डोक्यापासून चपलेपर्यंत कोंडा लागलेला. एक दिवस ओरडला, "सर, पासवर्ड बरोबर हाये, तरी हा मले आत घेऊन नाही राहिला! मले ओळखतच नाही!"

सरांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अबे, तुह्या मायनं तरी ओळखलं असतं का तुले?"

काही नव्हतं झालं. त्यानं मराठी पहिल्या नंबरवर ठेवली होती, मशीन बंद करून चालू केली तर दारातच मराठी. तो बिचारा इंग्रजी समजून पासवर्ड ठोकत होता. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, कळणार कसं? सरांनी बोटानं कोपरा दाखवला. गोलूनं जीभ चावली.

*

सर खर्रा खायचे. आम्ही सगळेच खायचो, म्हणून कोणी कोणाला बोलत नव्हतं. गळ्यात गाठ निघाली, नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तो पत्रे वाजवणारा आवाज! गळ्याला छिद्र, त्यावर पांढरं फडकं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दुकानात परत येऊन शटर ओढून रडलो, खोटं कायले सांगू.

आम्हाला वाटलं, क्लास संपला. तर एका सोमवारी सर आले, लॅपटॉप प्रोजेक्टरला लावला, अन् भिंतीवर मराठीत अक्षरं उमटली, "उशीर झाला. माफी. होमवर्क दाखवा."

कोणाचाच झालेला नव्हता.

मग सर तसंच शिकवायचे. मराठीत समजावायचं, टिकली दाबायची, जपानीत वाक्य, परत दोनदा टिकली. जरा रागावले की अक्षरं मोठी करायचे. एकदा गोलूनं तीच चूक परत केली तर "गोलू" एवढंच भिंतभर आलं, "गो" एका भिंतीवर अन् "लू" दरवाज्यावर! गोलू म्हणाला, "सर, आधी निदान ऐकू नाही आलं म्हणता तरी येत होतं."

सर हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले. त्या दिवशी गोलूनं खर्ऱ्याची पुडी नालीत फेकली. पुढच्या आठवड्यात परत नवी घेतली, तेही सांगतो.

*

घरी सर अन् काकू लॅपटॉपवरच बोलायचे. काकू सातवी शिकलेल्या, मराठी वाचायच्या. भांडणही तसंच. सर रागारागानं मोठा परिच्छेद लिहायचे अन् लॅपटॉप फिरवायचे, तोवर काकू भाजी निवडायला पाठ करून बसलेल्या. "मी पाहिलंच नाही, तर भांडण कसं होईन?"

एकदा मशीनवर अपडेट आला अन् मराठीच गायब. इंग्रजी अन् जपानी तेवढी राहिली. सरांनी हातानं लिहायचा प्रयत्न केला, पण त्यांचं अक्षर कोणालाच कधी लागलं नाही. तेव्हा मी लग्नाला गेलेलो. परत आलो तर काकू दुकानाच्या पायरीवर बसलेल्या.

"बंडू, घरी चाल बापा. दोन दिवस झाले, घरात कोणी बोलूनच नाही राहिलं."

मी मराठी परत टाकली. सरांनी पहिलं वाक्य टाइप केलं, "भाजीत मीठ जास्त होतं. परवाच्या."

काकू म्हणाल्या, "घ्या! यासाठी आणलं मी याले!" अन् डोळे पुसत आत गेल्या.

*

हा किस्सा मला सांगवत नाही, पण याच्याशिवाय शेवटचा कळणार नाही.

रोग परत आला. सर भंडाऱ्याला दवाखान्यात. आमच्यात सगळ्यात हुशार शीतल, मोहाडीजवळच्या खेड्यातली. तिचा जपानमधल्या वृद्धाश्रमातल्या कामासाठी इंटरव्ह्यू होता. सकाळी ती सरांकडे गेली. सरांनी पोटावर लॅपटॉप ठेवून तिची स्वतःची ओळख सांगायची वाक्यं सुधारून दिली, जपानीत. मग ती बस पकडायला निघाली. कोपरा तसाच जपानीवर राहिला.

काकू सकाळपासून खुर्चीवरून हलल्या नव्हत्या. दुपारी सरांनी एकेक बटण दाबत काहीतरी लिहिलं, लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. आयुष्यभर सगळ्यांना कोपरा पाहा म्हणणारा माणूस, त्या दिवशी त्यानं कोपरा पाहिला नाही. मराठी बोलत होते सर. उमटले तेच मराठी शब्द, पण जपानी अक्षरांत.

"मले वाटलं शीतलसाठी हाये," काकू मला नंतर म्हणाल्या. "मी म्हटलं, बंडू आला की दाखवतो. तर यायनं बोटानं टकटक केलं, अन् माह्याकडं पाहून राहिले. पाहूनच राहिले, बंडू. उत्तर पाहिजे होतं यायले. मी तशीच बसली."

परत लिहायची ताकद सरांच्या हातात नव्हती. मी पोचलो तेव्हा सर गेले होते, लॅपटॉप चालू होता.

मी वाचलं. इतक्या वर्षांत ती अक्षरं मलाही यायला लागली होती. "जा, जेवून ये." एवढंच. मी तोंड उघडलं तर काकूंनी हात वर केला.

"तू नोको वाचू. तुह्या तोंडून नाही ऐकायचं मले. मले लिहिलं ना यायनं?" मग वाकून पाहिलं. "याच्याखाली रेघ काहून हाये?"

"एंटर दाबायचा राहिला, काकू."

काकूंनी स्वतः दाबला. मी ती ओळ लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवली.

*

पावसाळा संपल्यावर क्लास परत सुरू झाला. शीतलची निवड झाली होती, कागदं यायची होती, तोवर शिकवायला तीच. पहिल्या दिवशी काकू पाटी-पुस्तक घेऊन पहिल्या बेंचवर येऊन बसल्या. म्हणाल्या, "माहं एक उत्तर द्यायचं राहिलं हाये. पहिल्यापासून शिकव."

गोलू अन् शीतलनंही ती ओळ वाचली होती, आम्हा तिघांना तर माहीत होतं काय लिहिलं आहे ते. गोलू मला बाहेर घेऊन गेला, "बंडूभाऊ, सांगून टाका ना. काकूंले वाटत असन काही मोठं हाये. नंतर काय वाटन त्यायले?" मला सांगायची हिंमत नाही झाली. शीतल म्हणाली, "त्यायनं नाही म्हटलं ना? मग नाही."

काकूंना ती अक्षरं काही लवकर येईनात. डोळ्याला कमी दिसायचं. अन् नशीब असं की सरांच्या ओळीतलं पहिलंच अक्षर जपानीत जोडाक्षर, अक्षरांच्या तक्त्याच्या अगदी शेवटी येणारं. काकू रोज तक्ता एक घर पुढे सरकायच्या अन् रोज विचारायच्या, "माहं आलं का व?" शीतल म्हणायची, "नाही अजून, काकू." अन् भिंतीकडे तोंड करायची.

थंडीत एका दुपारी ते आलं. शीतलनं सरांचा लॅपटॉप उघडून समोर ठेवला. काकूंनी चष्मा पुसला. बोट ठेवून, थांबत थांबत वाचू लागल्या.

"जा..."

बोट पुढच्या अक्षरावर सरकलं.

"जे... वु... हे काय व?"

"न अन् ये चिकटले हायेत, काकू."

"जेवून... ये." काकूंनी परत सगळं एकदम वाचलं. "जा, जेवून ये."

गोलूनं मान खाली घातली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काकू, एवढंच हाये ते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. लॅपटॉप जवळ ओढला. आधी कोपरा पाहिला. टिकली दाबली, परत कोपरा पाहिला. मग एका बोटानं दोन बटणं दाबली. सरांच्या ओळीखाली एकच अक्षर उमटलं, त्याखाली रेघ.

"हो."

काकूंनी एंटर दाबला. चष्मा काढून ठेवला, डब्याची पिशवी उचलली.

"शीतल, क्लास चालू ठेव व," त्या म्हणाल्या. "मी जेवून येतो."