आवाज आधी

लाईनताईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे. इंटरनेट अडतं, फोन तुटतो, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की आम्ही बाकीचे लगेच स्पीड तपासायला लागायचो. ताई आधी समोरच्याला खुर्ची देत आणि विचारत, "तुटते तेव्हा घरात आणखी काय चालू राह्यते?" माणूस गोंधळायचा. "आठवून सांगा. मले घाई नाही."

त्यांचं खरं नाव हजेरीपटावरच उरलं होतं. नागपुरातल्या टेलिफोन केंद्रात आमची टेबलं शेजारीशेजारी. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, मूळच्या खाप्याच्या. साहेबांशी प्रमाण मराठी बोलत. एरवी, त्यातून चिडल्या किंवा खूश झाल्या की, बोलण्यात खापा बाहेर यायचा.

एकदा भिवापूरच्या छोट्या प्रसूतिगृहाची तक्रार आली. तिथे मोबाईलला धड रेंज नसे, म्हणून डॉक्टरबाई अडलेल्या बाळंतिणीविषयी नागपूरच्या तज्ज्ञांना इंटरनेटच्या लाईनवरून फोन करत. नेमका तेव्हाच आवाज तुटे. मोडेम बदलून झाला होता, स्पीड वाढवून झाला होता. परवा औषधाचं प्रमाण ऐकतानाच शब्द गळाला, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. ताईंनी आपला प्रश्न विचारला. उत्तर आलं, सोनोग्राफीची चित्रं त्याच वेळी नागपूरला जात असतात.

"चित्र दोन मिनिटं थांबलं तं काही बिघडत नाही," त्या मला म्हणाल्या. "बोलणं थांबलं तं जीव जाईन." एकाच तांब्याच्या तारेत दोन आभासी चॅनल पाडायचे, एक आवाजाचा, दुसरा बाकी सगळ्याचा, आणि यंत्राला सांगायचं, आवाज आधी सोड.

पण त्यासाठी भिवापूरच्या केंद्रातल्या यंत्राचं कार्ड, म्हणजे बऱ्याच लाईनी जोडलेली पट्टी, बंद करावं लागणार होतं. त्यावरचे सगळेच ग्राहक अर्धा तास बंद. साहेब म्हणाले, "एकासाठी सगळ्यांची ओरड कोण ऐकणार?"

"मी सगळ्यांना विचारते," ताई म्हणाल्या, आणि उद्या अकराला लाईन बंद ठेवू का, असं विचारत दुपारभर एकेकाला फोन लावत बसल्या. सगळे हो म्हणाले. एक मिरचीचा व्यापारी मात्र अडला. दुसऱ्या दिवशी आम्ही भिवापूरला पोचलो, तेव्हा ताई आधी त्याच्या दुकानात शिरल्या.

"माझी लाईन काहून बंद करता बाई? मले भाव पाहायचे राह्यतात," तो म्हणाला.

पोत्यांमधल्या मिरचीच्या खाटानं ताईंना ठसका लागला. तो आवरून त्यांनी विचारलं, "तुमच्या घरच्या लेकीसुना बाळंतपणाले कुठी जातात गा भाऊ?"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "अकराले ना? करा."

मी केंद्रातल्या यंत्रापाशी थांबले, ताई प्रसूतिगृहात मोडेमसमोर. दोन्हीकडे चॅनलचे क्रमांक जुळायला हवे होते. सगळं भरलं, कार्ड सुरू केलं, आणि प्रसूतिगृहाचा फोन पूर्ण मुका झाला. साहेबांनी मला कळवलं, दहा मिनिटांत जमत नसेल तर पहिल्यासारखं करा. तिकडून ताई रेंजसाठी मोबाईल खिडकीबाहेर धरून माझ्याशी बोलत होत्या: "तुझे आकडे वाच. हळू वाच." वाचता वाचता मलाच दिसलं. दोन चॅनलचे क्रमांक मी उलटे भरले होते. "ताई, माझी चूक."

"असू दे. पहिले बदलव."

बदलले. मग डॉक्टरबाईंनी चित्र पाठवायला घेतलं आणि त्याच वेळी नागपूरला फोन लावला. चित्र रेंगाळत गेलं. आवाज एकदाही तुटला नाही.

पुढे तांब्याच्या तारा गेल्या, फायबर आलं. भिवापूरची पाळी नेमकी ताईंच्या निवृत्तीच्या दिवशी आली. खालच्या मजल्यावर निरोपाचे हार येऊन पडले, माणसं जमली, आणि ताई जागेवरून उठेनात. नवी लाईन सुरू होताच त्यांनी डॉक्टरबाईंना गाठलं. "चित्रं पाठवा, अन् पाठवता पाठवता माझ्याशी बोला." डोळे मिटून ऐकत राहिल्या. "आता त्याहून मोठं पाठवा." पुन्हा ऐकलं. "नाही तुटत," म्हणाल्या.

मग जुने दोन्ही चॅनल त्यांनी स्वतःच्या हातानं पुसले, चष्मा काढला आणि मला म्हणाल्या, "चाल वं. लोक ताटकळून राहिले."