बायकोच्या बाजूची काच

घड्याळजींच्या गाडीवर माशी बसली, तर ते आधी तिचे पाय ओले आहेत का ते बघतात, अशी थट्टा गल्लीत कुणीतरी केली होती. ती कानावर आली तेव्हा घड्याळजी हसले नाहीत. विचारात पडले.

त्यांना नाव होतं, पण ते वीजबिलापुरतंच. बाकी सगळ्यांसाठी ते घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं टेबल, टेबलावर चिमटे, इवलेसे पेचकस, तेलाची सुई, आणि डोळ्याला भिंग. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं टिकटिकत असायची. त्या कलकलाटात एखादं मागे पडू लागलं, तर घड्याळजी पाठमोरे असले तरी मान न वळवता म्हणायचे, ‘तिसरं दमलंय.’ आणि तिसरंच दमलेलं असायचं.

पण त्यांची खरी ख्याती होती पाण्याची. पोहायला शिकवणारे मास्तर, नळाची कामं करणारे, दिवसभर भांडी घासणारे, सगळे आपली घड्याळं त्यांच्याकडे आणत. घड्याळजी मागचं झाकण उघडत, जुनं रबर काढून नवं बसवत, जिथून म्हणून पाणी शिरेल ती प्रत्येक फट बुजवत. मग ते घड्याळ बादलीत रात्रभर ठेवा, आत टिपूस दिसायचा नाही. फट दिसली की बुजवायची, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांनी आयुष्यभर पाळलं, आणि त्यावर त्यांचं बरं चाललं होतं.

घराच्या मागे पत्र्याच्या छपराखाली त्यांची गाडी. निळीशार, दोन दारांची, वर पांढरं छत, पुढे वाटोळे दिवे. तसली गाडी आता रस्त्यावर औषधालाही सापडत नाही. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाकडून त्यांनी ती घेतली तेव्हा तिच्या खालच्या कडा गंजानं खाल्ल्या होत्या. घड्याळजींनी दोन वर्षं खपून तो गंज खरवडला, आणि उठताना मनाशी खूणगाठ बांधली की आता या गाडीला गंजाचा ठिपकासुद्धा लागू द्यायचा नाही.

तेव्हापासून आभाळात ढग दिसला की गाडी बाहेर पडायची नाही. फेरी मारून आलं की चाकांच्या कमानीत अडकलेला चिखल ते रंगाच्या ब्रशनं काढायचे. आतला गालिचा उचलून खाली हात फिरवून बघायचे, ओल आहे का. गाडीवरचं पांघरूण सुती, कारण प्लास्टिकखाली घाम धरतो. दर रविवारी गोड्या पाण्यानं आंघोळ आणि मग मऊ फडक्यानं पुसणं. यातलं काही चुकीचं होतं असं नाही. उलट कौतुकच करावं असं होतं. पण बायको गाडीला ‘तुमची धाकटी’ म्हणायची. रविवारी घड्याळजी फडकं घेऊन निघाले की ती हाक मारायची, ‘अहो, धाकटीचं न्हाणं झालं की थोरलीलाही चहा द्या.’

ही थोरली समुद्राकाठची. तिची मोठी बहीण, ताई, अजून तिथंच राहायची, लाटांचा आवाज अंगणात येईल इतक्या जवळ. गाडी घेतली तेव्हा घड्याळजी बायकोला म्हणाले होते, ‘पहिली लांबची फेरी तुझ्या ताईकडे.’ मग कुणीतरी त्यांना सांगितलं की खारी हवा पत्र्याला वाळवीसारखी खाते. झालं. त्या वर्षी नको, पुढच्या वर्षी बघू, असं करत करत तीसेक वर्षं गेली. बायको दर वर्षी बसनं एकटी जायची आणि एकटी यायची. घड्याळजी तिला बसथांब्यापर्यंत सोडायचे. गाडीनंच. थांब्यापर्यंत हवा खारी नव्हती.

यंदा ताईचा फोन आला. रात्री जेवताना बायकोनं तो निरोप सांगितला, पण आवाज न चढवता, आणि म्हणूनच घड्याळजींचा घास हातात राहिला.

‘ताई म्हणते, यंदा गाडी घेऊन या. मला एकदा तिच्यात बसायचंय, पुढच्या वर्षाचा भरवसा नाही. माझं म्हणाल तर, मी शनिवारी निघणार. गाडी आली तर तुमच्याबरोबर, नाही आली तर बसनं. पण बसनं गेले, तर या खेपेला तिथंच राहीन. किती दिवस ते विचारू नका, मलाच माहीत नाही.’

घड्याळजी नाही म्हणतील असं तिला वाटलं होतं. त्यांनाही तसंच वाटलं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. ते म्हणाले, ‘जाऊ या.’

आणि एकदा म्हटल्यावर हा माणूस असा काही पेटला की विचारू नका. रात्रीच त्यांनी समुद्राशी लढाईचा बेत आखला. गाडीच्या पोटाला मेणाचा थर द्यायचा. गोड्या पाण्याचे डबे बरोबर घ्यायचे, तिथं पोचल्या पोचल्या खालून धुवायचं. चाकांच्या कमानींना तेल. सकाळी ते चहा घेताना टेबलावर बोटांनी ताल धरत होते. लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा हे एवढे उतावीळ नव्हते, असं बायकोनं भांड्यांना ऐकवलं.

गाडी नीट तपासून घ्यावी म्हणून त्यांनी ठोक्याला बोलावलं. ठोक्या म्हणजे गल्लीच्या टोकाला चेपलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करणारा. दिवसभर हातोडीच्या आवाजात राहून त्याचा आवाजही तसाच झालेला, आणि स्वतःची तारीफ करताना तो कुणाची वाट बघत नसे. खिशातलं लोहचुंबक काढून तो गाडीभर फिरवू लागला. पत्रा अस्सल असेल तिथं चुंबक चिकटतं, खड्डा झाकायला लांबीचा लगदा भरलेला असेल तिथं घसरतं. ते सगळीकडे चिकटत गेलं, आणि घड्याळजींची छाती फुगत गेली.

‘घड्याळजी, मानलं तुम्हाला,’ ठोक्या ओरडला. त्याचं साधं बोलणंही ओरडणंच होतं. ‘एवढी कोरडी गाडी मी बघितली नाही, आणि मी काय कमी गाड्या बघितल्यात?’ असं म्हणत त्यानं बायकोच्या बाजूचं दार उघडलं आणि कौतुकानं धाडकन लावलं.

दारातून ‘डुबुक’ असा आवाज आला.

ठोक्यानं दार पुन्हा उघडून लावलं. पुन्हा डुबुक. घड्याळजींचा चेहरा उतरला.

‘पाणी वाजतंय ते,’ स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली. ‘नेहमीच वाजतं.’

‘नेहमी म्हणजे?’

‘वळणावर वाजतं. ब्रेक लावला की वाजतं. मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, पेट्रोल असेल.’

‘दारात पेट्रोल?’ असं म्हणून ठोक्यानं तोंड फिरवलं आणि खांदे हलत असताना बराच वेळ भिंतीकडे बघत उभा राहिला.

घड्याळजींना हसू आलं नाही. भिंतीवरचं दमलेलं घड्याळ पाठमोऱ्यानं ओळखणारा माणूस, आणि हाताच्या अंतरावर डुबुकणारं पाणी त्यांना ऐकू आलं नव्हतं. त्या बाजूला ते कधी बसलेच नव्हते.

ठोक्यानं दाराचं आतलं अस्तर उघडलं. आत बघून त्याचाही आवाज खाली आला. दाराच्या तळाशी तांबूस पाण्याचं डबकं होतं, आणि त्याखालचा पत्रा इतका सडला होता की पेचकस लावताच पापडासारखा मोडला. वरून रंग मात्र आरशासारखा चकचकीत. ठोक्यानं खालून हात घातला, चाचपला, आणि चिडून म्हणाला, ‘ही तळाची भोकं कुठल्या गाढवानं बुजवली?’

मग घड्याळजी म्हणाले, ‘मी.’

‘का?’

‘रस्त्यावरचं पाणी उडून आत जाऊ नये म्हणून. भोक दिसलं... बुजवलं.’

‘अहो घड्याळजी, दार म्हणजे काय घड्याळ आहे? काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच. सगळ्या गाड्यांत उतरतं. ते खालून निघून जावं म्हणून तर कंपनीनं भोकं ठेवली. तुम्ही दर रविवारी न्हाऊ घालत होतात आणि सगळं पाणी इथं साठवत होतात.’

चालकाच्या बाजूचं दारही त्यांनी तसंच बुजवलेलं होतं. पण तिथल्या काचेचं रबर नवं होतं, त्यामुळे आत नुसताच वरवरचा गंज. बायकोच्या बाजूचं रबर फार पूर्वीच कडक झालं होतं, आणि तसलं दुसरं मिळेना. तेव्हा घड्याळजींनी काच वर चढवून कडेनं लुकण भरून पक्की चिकटवून टाकली होती. पुढे ते लुकण उन्हानं तडकलं, पाण्याला वाट झाली. काच मात्र चिकटलेलीच राहिली. चुकून कुणी फिरवू नये म्हणून तिचं हँडलही त्यांनी काढून ठेवलं होतं.

हँडलच्या जागी उरलेला खिळा बघताना घड्याळजींना ते सगळं आठवलं. ते पुढच्या खोलीत गेले आणि टेबलाचा खालचा खण उघडला. बिघडलेल्या चाव्या आणि तुटक्या पट्ट्यांखाली हँडल होतं. लग्नाच्या बायकोला आपण इतकी वर्षं एका बंद डब्यात बसवून हिंडवलं, आणि तिनं कधी काच उघडा म्हणूनही म्हटलं नाही, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हँडल रुमालात गुंडाळून खिशात घातलं.

मग मात्र त्यांच्या अंगात आलं. पुढच्या खोलीतलं दुकान बंद ठेवून ते दिवसभर ठोक्याच्या मागे. ठोक्यानं सडकी पट्टी कापली, नवा पत्रा बेतून झाळून जोडला, त्यावर गंज न चढू देणारा तांबडा रंग मारला, आणि सांधे भरले. घड्याळजी जमिनीवर आडवे पडून, डोळ्याला भिंग लावून, घड्याळाच्या ब्रशनं एकेक भोक साफ करत होते. जन्मभर बुजवण्यात गेलेला माणूस भोकं मोकळी करतोय हे बघायला शेजारचे दोघं-तिघं खुर्च्या घेऊन आले. रबर ठोक्याच्या माळ्यावर सापडलं, एका मोडीत गेलेल्या गाडीचं. ‘बघा, मी काही टाकत नाही,’ हे त्यानं प्रत्येक शेजाऱ्याला वेगळं सांगितलं.

दार बसवलं तेव्हा घड्याळजींनी मगभर पाणी काचेवर ओतलं आणि खाली बसून वाट बघू लागले. थोडा वेळ काहीच नाही. मग दाराच्या तळाशी एक थेंब जमला, लोंबला, पडला. मागोमाग दुसरा, आणि मग धार लागली.

‘गळतंय,’ घड्याळजी घराकडे बघून ओरडले. ‘अगं ये, बघ, गळतंय.’

‘घड्याळजी गळतीवर खूश झाले हे मी कुणाला सांगितलं, तर मला वेड्यात काढतील,’ ठोक्या म्हणाला. पण तोही वाकून बघतच होता.

शुक्रवारी संध्याकाळी निळ्या रंगाचा शेवटचा हात झाला, आणि ठोक्यानं हात पुसत सांगितलं, ‘रंग अजून कच्चा आहे. खारी हवा आत्ताच लागू देऊ नका. आठ दिवस थांबा, मग खुशाल जा.’

घड्याळजी घरात आले. दाराशी बायकोची बॅग भरून ठेवलेली होती. एकटीला उचलता येईल एवढीच भरली होती. वर बसप्रवासात अंगावर घ्यायची तिची शाल, नीट घडी करून. घड्याळजींनी ती शाल बघितली, मागे गेले आणि ठोक्याला म्हणाले, ‘कच्चा तर कच्चा. खराब झाला तर परत आल्यावर तू पुन्हा लाव.’ ठोक्यानं उरलेल्या निळ्या रंगाच्या डब्याला घट्ट झाकण लावलं आणि तो बाजूला जपून ठेवला.

शनिवारी सकाळी ते निघाले. गाडी काय पळत होती म्हणता. घड्याळजी उगाचच हॉर्न वाजवत होते, रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना हात करत होते. बायको शाल मांडीवर घेऊन बसली होती. पहिल्या मोठ्या वळणावर तिनं कान दिला आणि म्हणाली, ‘आज वाजत नाही.’

‘नाही वाजणार,’ घड्याळजी म्हणाले. जास्त बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ते त्यांना फार जड जात होतं.

दुपारी शेवटचा उतार लागला. समोरचं वळण संपताच तिच्या बाजूला, खाली लांबवर, समुद्र पसरलेला दिसला. ती सवयीनं काचेला कपाळ टेकवून बघू लागली. तिच्या श्वासानं काचेवर वाफ धरली, ती तिनं शालीच्या टोकानं पुसली. तीही सवयच असणार.

‘हँडल फिरव,’ घड्याळजी म्हणाले.

‘कुठलं हँडल?’ तिनं खाली बघितलं. गुडघ्याजवळ ते होतं, घासून लख्ख केलेलं. तिनं ते जपून फिरवलं. काच थरथरली, आणि खाली सरकू लागली. गार वारा आत घुसला, तिचे केस उडाले, शाल फडफडली, आणि त्याबरोबर तो वास आला, ओला, खारट, जिभेवर जाणवणारा. घड्याळजींचे हात स्टिअरिंगवर आपोआप घट्ट झाले. तीस वर्षं ज्याच्याशी वैर धरलं तो त्यांच्या मांडीपर्यंत येऊन पोचला होता.

अर्धी काच उतरल्यावर तिचा हात थांबला, आणि उलटा फिरू लागला. ‘पुरे,’ ती म्हणाली. ‘खारं वारं आहे. गाडीला लागेल.’

‘राहू दे. अजून खाली घे.’

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मग हँडल पुन्हा फिरवत गेली, आणि शेवटी ते अडलं.

‘संपली,’ ती म्हणाली. ‘सगळी उघडली.’

तिनं कोपर बाहेर टेकवलं. घड्याळजींनी एक हात स्टिअरिंगवरून काढला, आणि आपल्या बाजूची काच खाली घेतली.