अक्काच्या लाल नखुल्या

हे कुणी वाचलंच तर आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बोलायचं म्हटलं तर माणसासमोर शब्दच फुटत नाही. म्हणून अक्का मला 'मुके' म्हणून हाक मारायची. पण अक्काबद्दल लिहायला दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहिते.

अक्का उकळलेलं पाणी कधी फेकायची नाही. रविवारी ती टमाट्याच्या रसातल्या नखुल्या, म्हणजे रव्याचे नखाएवढे शिंपले, करायची. आधी मिठाच्या पाण्यात त्या उकडून गाळून घ्यायची. पाणी खाली पातेल्यात पडायचं आणि त्या पातेल्यावर लगेच झाकण. त्यातच संध्याकाळची कणीक मळायची, उरलं तर डाळ शिजायला टाकायची. कुणी हसलं तर म्हणायची, "हसा. ज्याच्या दारात टँकर येतोय त्यानं पाण्याला हसू नये."

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. यांना नव्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली आणि आम्ही हिमायतनगरकडचं गाव सोडून भाड्याच्या खोलीत आलो. शेजारची खोली अक्काची. ती देवणीकडची. नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हा ती मुंबईला गेली आणि एका इटालियन कुटुंबात स्वयंपाकाला राहिली. त्या घरच्या बाईला ती 'शिनोरा' म्हणायची. ते लोक आपल्या देशात परत गेले आणि अक्का इकडे परत आली. सोबत एक पत्र्याची पेटी आणि त्या घरचा सगळा स्वयंपाक हातात.

शिनोराची एक गोष्ट ती सारखी सांगायची. शिनोरा घरातून ठरवून कधी बाजारात जायची नाही. जे ढिगानं आलंय, स्वस्त झालंय, तेच त्या दिवशी शिजायचं. अक्काचंही तसंच. थंडीत टमाटे, वांगी, ओला लसूण. हरभऱ्याचा कोवळा पाला लसणात परतून ती जाड भाकरीवर पसरायची आणि वरून करडीचं कच्चं तेल सोडायची. ज्वारीच्या कण्या घट्ट शिजवून ताटात थापायची, गार झाल्या की वड्या पाडून तव्यावर भाजायची. उन्हाळ्यासाठी टमाटे चिरून, मीठ लावून पत्र्यावर वाळवायची. काहीच नसलं तर शेवग्याचा पाला. "शिनोराकडं तेल येगळं, गहू येगळा. पर भूक तीच ना?" असं म्हणायची. फक्त शिनोराकडच्या एका वासाच्या पाल्यावाचून तिचं अडायचं. तो तिला कब्रस्तानाच्या माळ्याकडं सापडला. सब्जा. तिनं रोप आणून डालड्याच्या डब्यात लावलं. लोक नाक मुरडायचे, "मेलेल्याच्या डोक्याशी लावत्यात ते तू खातीस?" अक्का पान चुरगाळून त्यांच्या नाकाशी धरायची. "हुंग. मेलेल्यालाच का म्हणून द्यावं हे?"

माझी तिची ओळख नखुल्यांवरून झाली. आमच्या गावाकडं लग्नाच्या रुखवतात ठेवायला मुली बनशी गव्हाच्या रव्याच्या नखुल्या करतात. पिठाची गोळी अंगठ्याच्या नखाखाली दाबून ओढली की शिंपल्यासारखी वळते. मी दारात बसून करत होते. अक्का बघत उभी राहिली. मग खाली बसली, एक नखुली उचलून तळहातावर ठेवली. म्हणाली, "शिनोराची आई अशीच करायची गं. म्हातारी होती. तिला माझी बोली कळायची न्हाई, मला तिची. दोघी दिवसभर हेच करत बसायचो." त्या दिवसापासून नखुल्या मी करायच्या आणि रस तिनं करायचा असं ठरून गेलं. मी गप्पच असायचे. ती विचारायची, "मुके, तोंडात बी नखुल्या भरल्यात का?" मला हसू यायचं. लातुरात मला हसवणारं तेवढं एकच माणूस होतं.

नव्या जिल्ह्यात नव्या कचेऱ्या आल्या, बाहेरगावचे बाबू आले. त्यांची बायकापोरं गावाकडं, जेवायची पंचाईत. अक्काच्या मनात खानावळ आली. वरणभात तर कुणीही घालतं, आपण हे घालू, असं तिचं म्हणणं. भांडी, बाकडी, रस्त्यावरच्या खोलीचं आगाऊ भाडं, एवढे पैसे तिच्याकडं नव्हते. माझ्या आईनं मला चांदीचे तोडे दिले होते. मी यांना विचारलं. हे म्हणाले, "तुझे हायत, तू बघ." मी तोडे मोडले आणि पैसे अक्काच्या ओटीत ठेवले. तिनं ते पदराला बांधले. मग म्हणाली, "हे पैसे बुडाले तर मी बुडाले म्हणून समज."

खानावळीचं पहिलं पातेलं चढलं आणि तिथंच अडलं. घरी दोघीतिघींपुरतं गाळलेलं पाणी कुठंही जिरायचं. खानावळीत घागरीनं पाणी उकळायला लागलं असतं आणि त्यातलं बहुतेक मोरीत गेलं असतं. अक्कानं ते केलंच नाही. नखुल्या तिनं सरळ टमाट्याच्या रसातच शिजवल्या. चव आली, पण त्या एकमेकींना चिकटून दाट झाल्या. ताटात पडल्या तेव्हा त्यांची चकोली झाली होती. आपल्याकडं वरणात कणकेचे तुकडे शिजवून करतात, अगदी तशी.

एक जाडजूड बाबू होते. त्यांनी घास घेतला आणि म्हणाले, "अक्का, ही तर चकोली. वरण कुठं सांडलं?"

सगळे हसले. दुसरा म्हणाला, "असली तर आमची बायको फुकट घालती."

"तुमच्या बायकोच्या चकोलीत सब्जा असतो का?" अक्कानं विचारलं.

"नसतो. म्हणून तर तिच्या हातचं खाऊन अजून जिवंत हाय!"

पुण्याकडून आलेले एक साहेब मात्र आपुलकीनं बोलले. "बाई, मी हॉटेलात खाल्लंय हे. चव तीच आहे. पण तिथं सुटसुटीत असतं. गाळून घेतात."

"आन् गाळलेलं पाणी?"

"जातं मोरीत."

"मग इथं न्हाई व्हायचं, साहेब."

माणसं कमी होत गेली. मी रोज दुपारी मागच्या दारानं जायचे, नखुल्या करून द्यायचे, आणि रिकाम्या बाकड्यांकडं बघायचे. एकदा कसाबसा धीर केला. म्हटलं, "अक्का, एक डाव गाळून द्या ना. लोक येतील."

तिनं मला हाताला धरून दारात नेलं. समोर घागरी, हंडे, डबे रांगेत लावलेले, आणि बाया सावली बघून बसलेल्या. टँकर कालपासून आला नव्हता. "मुके, तोंड उघडलंस ते ह्यासाठी? त्यांच्या म्होरं हंडाभर पाणी वतू मी? त्यांनी बघितलं न्हाई तरी मला दिसंलच की." मी परत तो विषय काढला नाही. पुढं तिनं वरणभात सुरू केला, पण तोवर शेजारी दोन खानावळी निघाल्या होत्या. उन्हाळा संपायच्या आत बाकडी विकून झाली. ते पैसे भाड्यात गेले.

नांदेडजवळ विष्णुपुरीला मुलांच्या एका वसतिगृहात स्वयंपाकीण पाहिजे असं तिला कळलं. गाडीवर पोचवायला मी गेले होते. तिनं सब्ज्याचा डबा माझ्या हातात दिला. "हात धुतलेलं पाणी घाल ह्याला. तुझे तोडे फेडल्याबिगर मी मरत न्हाई." पैसे राहू द्या, तुम्ही राहा, असं म्हणायचं होतं. गाडी निघाली तरी तोंडातून शब्द निघाला नाही.

मग मनीऑर्डरी यायला लागल्या. लहान लहान रकमा. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर तिनं कुठल्यातरी पोराकडून लिहून घेतलेलं असायचं, ती बोलायची तसंच. "टमाटे आले का? वाळवून ठेव." "पोरं म्हणत्यात लाल नखुल्या करा. मला तुझ्यासारख्या जमत न्हाईत." एकदा लिहिलं होतं, "हितं गोदावरीला लई पाणी हाय. तरी फेकवत न्हाई." हे म्हणायचे, "बाईला पगार हाय, खायला तिथंच हाय. सालभरात फिटले असते. थेंब थेंब का देऊन राहिली?" मला वाटायचं, असेच थेंब थेंब येत राहावेत.

मी उलट कधी लिहिलं नाही. माझं अक्षर तिथल्या शिकलेल्या पोरांनी वाचायचं म्हटलं की मी कागद बाजूला ठेवून द्यायचे. पण मनीऑर्डर घेताना पावतीवर सही करावी लागते आणि ती पावती पैसे पाठवणाऱ्याला परत जाते. तेवढंच माझं अक्षर अक्कापर्यंत जायचं. मी नाव पूर्ण लिहायचे, सावकाश. पोस्टमन खोळंबायचा.

एका उन्हाळ्यात सब्जा वाळून गेला. बी ठेवलं होतं, ते पावसाळ्यात परत लावलं. त्याच पावसाळ्यात पोस्टमन आला तो मोठी रक्कम घेऊन. "बाई, आज दिवाळी हाय तुमची," म्हणाला. खाली दुसऱ्याच कुणाचं वळणदार अक्षर होतं. "अक्का तापानं वारल्या. त्यांच्या पेटीत तुमच्या नावाची पैशांची पुरचुंडी होती, ती पाठवत आहे." एवढंच.

चुलीवर नखुल्या उकळत होत्या. पोस्टमननं पावती पुढं केली. मी पूर्ण नाव लिहिलं, नेहमीपेक्षा वाईट आलं. ही पावती आता कुणाकडं जाणार, असं त्याला विचारायचं होतं, पण विचारलं नाही.

"मोजून घ्या," तो म्हणाला.

मी मोजले. आधीचे धरून तोड्यांचे पैसे पुरे झाले होते. काही बाकी राहिली नव्हती.